राखीव प्रत आणि तिची परीक्षा

चेन्नई शहरात बीच ते तांबरम या उपनगरी लोहमार्गावर मांबलम नावाचे स्थानक आहे. लोहमार्गाच्या पूर्वेस त्यागरायनगर, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील टी. नगर, ही मोठी बाजारपेठ आहे. पश्चिमेस वेस्ट मांबलम ही दाट वस्ती आहे. या वस्तीत ‘लेक व्ह्यू रोड’ नावाचा एक रस्ता आहे. आज त्या रस्त्यावर उभे राहून पाहणाऱ्यास तलाव कोठेही दिसत नाही. पूर्वी या भागात ‘लाँग टँक’ नावाचा लांबच लांब तलाव होता. १९२० नंतरच्या दशकात तो आटवून त्या जमिनीवर त्यागरायनगर वसविण्यात आले. तलाव गेला, नाव राहिले आणि जमिनीचा उतारही राहिला. मोठा पाऊस झाला की पाणी आपली जुनी जागा शोधीत येते.

२ डिसेंबर २०१५ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत नुंगमबाक्कम येथे सुमारे २९ सेंटिमीटर, तर तांबरम येथे ४९ सेंटिमीटर पावसाची नोंद झाली. अड्यार नदी पात्राबाहेर पडली, विमानतळ काही दिवस बंद राहिला आणि शहरातील सखल वस्त्यांचे तळमजले पाण्याखाली गेले. अशा पुरात घरातील भांडीकुंडी भिजतात, ती वाळविता येतात. कपाट मोडते, ते नवे करिता येते. परंतु दवाखान्यातील रुग्णांच्या नोंदी, पतपेढीतील ठेवीदारांची खाती किंवा ग्रंथालयाची सभासदसूची नाहीशी झाली, तर ती कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.

आज या नोंदी बहुधा वहीत नसून संगणकात असतात. त्या सुरक्षित ठेवण्यासाठी त्यांची राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, काढून ठेवितात. ही प्रत कशी काढावी, कोठे ठेवावी, किती दिवस जपावी आणि मुख्य म्हणजे ती खरोखर उपयोगी पडेल हे कसे ओळखावे, याचे एक शास्त्र आहे. त्याची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

नोंदवहीचे नवे रूप

विवेचनासाठी वेस्ट मांबलममध्ये एक लहानसे सार्वजनिक ग्रंथालय आहे, अशी कल्पना करावी. त्यात वीस हजार पुस्तके आणि तीन हजार सभासद आहेत. पुस्तकांची यादी, सभासदांची यादी आणि देवघेवीची यादी अशा तीन याद्या संगणकात परस्परांशी जोडून ठेविल्या आहेत. अशा सुसंबद्ध याद्यांच्या संग्रहास डेटाबेस म्हणतात. सभासदाने पुस्तक नेले की एकाच वेळी दोन ठिकाणी फरक पडतो: देवघेवीच्या यादीत एक ओळ वाढते आणि पुस्तकाच्या नावापुढे ‘बाहेर’ अशी खूण होते. या दोन्ही गोष्टी एकदमच व्हावयास पाहिजेत. एक झाली आणि दुसरी राहिली, तर वही खोटी ठरते.

येथेच राखीव प्रतीची पहिली अडचण उद्भवते. चालू डेटाबेसची फाइल नुसती उचलून दुसरीकडे नकलून घेतली, तर नक्कल पुरी होईपर्यंत मूळ फाइलीत बदल होतच राहतात. कारकून वहीत लिहीत असताना दुसऱ्या कोणी तिची पानामागून पाने छायाचित्रित करावीत, तसाच हा प्रकार होय. पाचवे पान बदलापूर्वीचे आणि नव्वदावे पान बदलानंतरचे, अशी विसंगत वही हाती येते. ती दिसावयास पूर्ण असते. परंतु तिच्यावर विश्वास ठेविता येत नाही. म्हणून डेटाबेसची प्रत त्याच कामासाठी बनविलेल्या साधनांनीच काढावी लागते.

शब्दांनी दिलेली आज्ञा

ही साधने बहुधा चित्रे आणि बटणे दाखवीत नाहीत. पडद्यावर एक रिकामी ओळ असते. तीवर आज्ञा टंकावयाची आणि संगणकाने ती पाळावयाची. या पद्धतीस कमांड लाइन असे म्हणतात. प्रथमदर्शनी ती रुक्ष वाटते. परंतु या कामी तिचे तीन मोठे गुण आहेत.

पहिला गुण म्हणजे पुनरावृत्ती. बटण दाबण्याची क्रिया माणसास रोज आठवणीने करावी लागते. लिहिलेली आज्ञा मात्र फाइलीत जपून ठेविता येते आणि ‘क्रॉन’ नावाच्या वेळापत्रकावर सोपविता येते. ग्रंथपाल घरी झोपलेला असताना रात्री दोन वाजता ती आपोआप चालते. दुसरा गुण म्हणजे तपासणी. आज काय केले आणि काल काय केले हे आज्ञेच्या अक्षरांवरून दुसरा माणूसही वाचू शकतो. तिसरा गुण संकटाच्या वेळी ध्यानात येतो. काही अक्षरे जाण्यास फार थोडी दळणवळणशक्ती लागते. १९९५ साली फिनलंडमधील ताटू युलोनेन यांनी ‘एसएसएच’ नावाची पद्धत तयार केली. तिच्या योगे दूरच्या संगणकास गुप्त व सुरक्षित रीतीने आज्ञा देता येतात. ज्या क्षीण दूरध्वनी-जोडणीवर चित्रमय पडदा उघडतही नाही, तेथे या अक्षरी आज्ञा पोहोचतात.

या तिसऱ्या गुणाचे महत्त्व चेन्नईच्या पुरावरून कळून येते. १८७८ साली सुरू झालेले ‘द हिंदू’ हे वृत्तपत्र २ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नईत छापले गेले नाही, कारण मरैमलै नगर येथील छापखान्यात कामगार पोहोचू शकले नाहीत. यंत्र शाबूत आहे, पण त्यास हात लावणारा माणूस पोहोचत नाही, अशी स्थिती पुरात येते. संगणकाच्या बाबतीत दुसऱ्या गावी बसलेला माणूसही काम चालू करू शकतो. मात्र त्यासाठी प्रत आधीच दुसऱ्या गावी गेलेली असली पाहिजे.

प्रत काढण्याचे दोन मार्ग

पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस पुष्कळ ठिकाणी वापरितात. त्याचा उगम १९८६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झालेल्या प्रकल्पात आहे. त्याची प्रत काढण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग ‘पीजी-डम्प’ या आज्ञेचा. ही आज्ञा ज्या क्षणी सुरू होते, त्या क्षणीचे डेटाबेसचे रूप ती धरून ठेविते. नंतर देवघेव चालू राहिली तरी प्रतीत त्या एका क्षणाचेच सुसंगत चित्र उतरते. ग्रंथालय बंद करावे लागत नाही. लहान संग्रहास हा मार्ग पुरेसा आहे. त्याची मर्यादा अशी की, प्रत रात्री दोनची असेल आणि यंत्र सायंकाळी पाचला बुडाले, तर मधल्या पंधरा तासांची देवघेव हरवते.

दुसरा मार्ग रोजकीर्दीसारखा आहे. व्यापारी प्रथम रोजकीर्दीत नोंद करितो आणि मग ती खतावणीत चढवितो. पोस्टग्रेसही प्रत्येक बदल आधी एका पूर्वनोंदीत लिहितो आणि मागाहून मूळ याद्यांत उतरवितो. ‘पीजी-बेसबॅकअप’ या आज्ञेने संपूर्ण संग्रहाची एक पायाभूत प्रत घ्यावयाची आणि त्यानंतरच्या पूर्वनोंदीच्या फाइली तयार होतील तशा दूर पाठवीत राहावयाचे. पायाभूत प्रतीवर या नोंदी क्रमाने चढविल्या की कोणत्याही इच्छित क्षणापर्यंत येता येते. सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी कोणाच्या हातून सर्व सभासदांची नावे पुसली गेली असतील, तर ११ वाजून ४१ मिनिटांची स्थिती परत मिळविता येते.

येथे एका सामान्य गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. पुष्कळ संस्था मूळ डेटाबेसच्या शेजारी त्याची जिवंत जोडप्रत चालवितात. मूळ यंत्र बिघडले की जोडप्रत ताबडतोब काम हाती घेते. ही सोय उत्तम आहे. परंतु ती राखीव प्रत नव्हे. मूळ संग्रहात चुकीची आज्ञा दिली गेली, तर ती काही क्षणांत जोडप्रतीवरही बजावली जाते. आरसा चेहऱ्यावरील डाग दाखवितो, पुसत नाही.

प्रत दूर नेणे

प्रत त्याच यंत्रात ठेविली तर यंत्राबरोबर ती बुडते. त्याच खोलीत ठेविली तर खोलीबरोबर बुडते. म्हणून या शास्त्रात एक सुटसुटीत नियम रूढ आहे: तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या ठिकाणी असावी. वेस्ट मांबलमच्या ग्रंथालयाने ‘दुसरे ठिकाण’ म्हणून शेजारचे त्यागरायनगर निवडणे शहाणपणाचे नाही, कारण दोन्ही वस्त्यांवर एकच पाऊस पडतो. अंतर किलोमीटरांत मोजण्यापेक्षा एकच संकट दोन्ही ठिकाणी पोहोचेल काय, या कसोटीवर मोजावे. कोइंबतूर किंवा पुणे हे ठिकाण या कसोटीस उतरेल.

रोज संपूर्ण प्रत दूर पाठविणे खर्चाचे असते. त्यासाठी अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली ‘आरसिंक’ ही आज्ञा तयार केली. दोन्ही टोकांच्या फाइलींचे तुकडे ती गणिती खुणांनी ताडून पाहते आणि जे तुकडे बदलले असतील तेवढेच पाठविते. पोहोचलेली प्रत मूळ प्रतीशी जुळते की नाही हे पाहण्यासाठी ‘शा-२५६’ नावाची गणिती मोहोर वापरितात. फाइल कितीही मोठी असो, तिची मोहोर चौसष्ट चिन्हांचीच असते. आणि फाइलीतील एक अक्षर बदलले तरी मोहोर ओळखू येणार नाही इतकी पालटते. दोन्ही टोकांच्या मोहोरा जुळल्या म्हणजे वाटेत काही बिघडले नाही, असा निर्वाळा मिळतो.

जागेचा हिशेब

प्रती साठत गेल्या की जागा संपते. ग्रंथालयाची एक प्रत चार गिगाबाइटची धरिली, तर वर्षभरात ३६५ प्रतींस १,४६० गिगाबाइट जागा लागेल. परंतु दहा महिन्यांपूर्वीच्या एखाद्या मंगळवारची प्रत आणि त्याच आठवड्यातील बुधवारची प्रत या दोहोंची गरज क्वचितच पडते. म्हणून शेवटच्या सात दिवसांच्या सात, शेवटच्या चार आठवड्यांच्या चार आणि शेवटच्या बारा महिन्यांच्या बारा, अशा तेवीस प्रती ठेवितात. त्यांस केवळ ९२ गिगाबाइट पुरतात. जवळच्या भूतकाळाची बारीक आठवण आणि दूरच्या भूतकाळाची ठळक आठवण, असे हे प्रमाण आहे.

जुन्या प्रती काढून टाकण्याच्या आज्ञेत मात्र एक घातक खोच दडलेली असते. ‘सात दिवसांहून जुन्या फाइली पुसून टाक’ अशी आज्ञा रोज चालत असते. काही कारणाने नव्या प्रती निघणे बंद पडले, तर पुसण्याची आज्ञा त्याची दखल घेत नाही. ती आपले काम इमानाने करीत राहते आणि आठव्या दिवशी एकही प्रत शिल्लक उरत नाही. म्हणून पुसण्याची आज्ञा दिनांकावर अवलंबून ठेवू नये. नवी प्रत तयार होऊन तपासली गेली आहे, ही अट पुरी झाल्यावरच जुनीस हात लावावा.

मोठ्या संस्थांत वापरल्या जाणाऱ्या ओरॅकल या डेटाबेसात हा हिशेब ‘आरमॅन’ नावाचे साधन ठेविते. राखीव प्रती व पूर्वनोंदी यांसाठी एक ठराविक जागा नेमून दिलेली असते. ती जागा पूर्वनोंदींनी भरली, तर डेटाबेस नवे बदल स्वीकारणे थांबवितो. कारण ज्या बदलाची नोंद जपून ठेविता येत नाही तो करावयाचा नाही, असा त्याचा बाणा असतो. अशा वेळी घाबरलेला कर्मचारी फाइली थेट पुसून टाकितो. डिस्क मोकळी होते, परंतु आरमॅनच्या नोंदवहीत त्या फाइली अद्याप जमा असतात. त्यामुळे जागा भरलेलीच दिसते आणि काम अडलेलेच राहते. योग्य रीत अशी की, प्रथम ‘क्रॉसचेक’ या आज्ञेने नोंदवही आणि प्रत्यक्ष फाइली यांचा मेळ घालावा आणि मग ‘अनावश्यक झालेल्या प्रती काढ’ अशी आज्ञा आरमॅनलाच द्यावी. कोठारातील पोते परस्पर उचलू नये, कोठावळ्याच्या वहीतून ते खर्ची टाकावे, हा जुना नियम येथेही लागू पडतो.

मौन म्हणजे यश नव्हे

कमांड लाइनच्या साधनांची एक रीत आहे. काम बिनचूक झाले तर ती बहुधा काहीच बोलत नाहीत. फक्त शून्य हा अंक परत देतात. चूक झाली तर शून्याहून वेगळा अंक देतात. हा अंक पाहणे ही प्रत काढणाऱ्याची जबाबदारी असते. पीजी-डम्पने काढलेली प्रत जागा वाचविण्यासाठी तेथल्या तेथे ‘जीझिप’ या दुसऱ्या आज्ञेकडे सोपवून संक्षिप्त करण्याचा प्रघात आहे. दोन आज्ञा अशा साखळीने जोडल्या की सामान्यतः शेवटच्या आज्ञेचाच अंक कळतो. पहिली अयशस्वी झाली आणि दुसरीने रिकामा मजकूर व्यवस्थित संक्षिप्त केला, तरी निकाल ‘यशस्वी’ असाच येतो. फाइल तयार होते, नाव व दिनांक बरोबर असतो. आत मात्र वीस बाइटांचे रिकामे वेष्टन असते. ‘पाइपफेल’ ही अट घातल्यास साखळीतील कोणत्याही दुव्याचे अपयश उघड होते. प्रतीचा आकार कालच्या प्रतीशी ताडून पाहणे हाही सोपा आणि उपयुक्त उपाय आहे.

असे मौन केवढे महाग पडते, याचे उदाहरण ३१ जानेवारी २०१७ रोजी जगासमोर आले. संगणक-आज्ञावल्या साठविण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब या संस्थेत रात्री उशिरा काम करणाऱ्या अभियंत्याने जोडप्रतीच्या यंत्रावर द्यावयाची पुसण्याची आज्ञा चुकून मूळ यंत्रावर दिली. चूक ध्यानात येऊन त्याने ती थांबविली, तेव्हा सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचार गिगाबाइटच उरले होते. मग राखीव प्रतींचा शोध सुरू झाला. दूरच्या साठवणीत पीजी-डम्पच्या प्रती असावयास हव्या होत्या. ती साठवण रिकामी निघाली. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा होता आणि प्रत काढणारी आज्ञा ९.२ आवृत्तीची चालत होती. त्यामुळे ती रोज अयशस्वी होत होती. अपयशाची सूचना देणारी पत्रेही टपालव्यवस्थेने नाकारल्यामुळे कोणापर्यंत पोहोचत नव्हती. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत हाती लागली आणि तीवरून सेवा पुन्हा उभी राहिली. मधल्या तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. संस्थेने ही सर्व हकीकत स्वतः प्रसिद्ध केली, म्हणून इतरांस तिच्यापासून शिकता आले.

पुन्हा उभारून पाहणे

यावरून या शास्त्राचे मुख्य सूत्र निघते. राखीव प्रत काढणे हे निम्मे काम होय. तिच्यावरून संग्रह पुन्हा उभारून पाहिल्यावाचून ते पुरे होत नाही. पोस्टग्रेसच्या २०२० साली आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून ‘पीजी-व्हेरिफायबॅकअप’ ही आज्ञा पायाभूत प्रतीतील फाइली पूर्ण व अविकृत आहेत की नाहीत हे सांगते. परंतु तेवढ्याने भागत नाही. दर महिन्यास एका वेगळ्या यंत्रावर ‘पीजी-रिस्टोअर’ने संपूर्ण संग्रह उभारावा, सभासदांची संख्या मोजावी, कालच्या देवघेवीतील शेवटची नोंद सापडते काय ते पाहावे, आणि या सर्वांस किती वेळ लागला तो लिहून ठेवावा. हा वेळ आणि हरवलेल्या नोंदींचा अवधी, या दोन मापांवरून व्यवस्थेचे मोल ठरते. सरावात चार तास लागत असतील, तर संकटात ते काम एका तासात होईल अशी आशा धरणे व्यर्थ आहे.

या बाबतीत मुंबई आणि चेन्नई ही दोन शहरे एका घटनेने जोडली गेली आहेत. मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे दूरचे राखीव केंद्र चेन्नईत होते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईतील दूरसंचार जोडण्या तुटल्या आणि त्यापाठोपाठ साठवणव्यवस्थाही अडली. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबलेले व्यवहार दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी पुन्हा सुरू झाले. या चार तासांत व्यवहार चेन्नईच्या केंद्राकडे वळविण्यात आले नाहीत. राखीव केंद्र अस्तित्वात असणे आणि ऐन वेळी त्यावर भार टाकण्याचा निर्णय घेता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या दिवशी दिसून आले. पुढे २ मार्च २०२४ रोजी, शनिवारच्या सुटीच्या दिवशी, एक्स्चेंजने खास सत्रे भरविली. पहिले सत्र मुख्य केंद्रातून आणि दुसरे राखीव केंद्रातून चालविण्यात आले. त्या दिवशी कोणतेही संकट नव्हते, आणि सरावास तोच दिवस योग्य असतो.

वेस्ट मांबलमच्या कल्पित ग्रंथालयास अशा भव्य व्यवस्थेची गरज नाही. त्यास एक साधा संगणक, दूरच्या गावी थोडी साठवण, काही ओळींच्या आज्ञा आणि एक टाचणवही पुरेल. त्या वहीत प्रत्येक महिन्यास तीन नोंदी असाव्यात: प्रत कोणत्या दिवशी पुन्हा उभारून पाहिली, ती कोणी पाहिली आणि त्यास किती वेळ लागला. आज्ञांची यादी कागदावर छापून ती वरच्या मजल्यावर किंवा ग्रंथपालाच्या घरी ठेवावी, कारण बुडालेल्या संगणकात ठेविलेली यादी वाचता येत नाही. संग्रह उघडण्याचे संकेतशब्दही एकाच माणसाच्या स्मरणावर सोडू नयेत.

ईशान्य मोसमी वारे दरवर्षी ऑक्टोबरात चेन्नईस पाऊस घेऊन येतात. त्यांचा दिवस सांगता येत नसला तरी महिना ठाऊक असतो. म्हणून प्रतीची परीक्षा सप्टेंबरात घेणे चांगले. त्या परीक्षेत प्रत अपुरी निघाली, तर ती पुन्हा काढता येते, कारण तेव्हा मूळ संग्रह अजून कोरडा आणि शाबूत असतो.